लिलावाची पाळी येण्याआधी घर विकले: एका कुटुंबाचे प्रकरण

पुण्यातले हे चौघांचे कुटुंब. नवरा, बायको, नववीतली मुलगी आणि नवऱ्याचे निवृत्त वडील. नवरा वाहन उद्योगासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होता, हातात महिन्याला एक लाख दहा हजार यायचे. बायको खासगी शाळेत शिक्षिका, पगार २८ हजार. जानेवारी २०२४च्या अखेरीस त्याचा सगळा विभागच बंद झाला आणि दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून त्याला मोकळे केले. त्याच वर्षी नोव्हेंबर संपता संपता त्यांनी राहता फ्लॅट विकला. मी बँकेच्या कर्जवसुली विभागात बरीच वर्षे काढली, निवृत्तीनंतर अडचणीत आलेल्या कर्जदारांबरोबर हिशेबाला बसतो. या कुटुंबाचा निर्णय कोणत्या आकड्यांवर आणि किती भांडणांनंतर झाला, ते इथे मांडतो. नावे देत नाही, आकडे गोल केले आहेत.

फ्लॅट मार्च २०२१मधला. कोविडच्या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क कमी केले होते आणि ती सवलत ३१ मार्चला संपणार होती. गृहकर्जाचे दर सात टक्क्यांच्या खाली आले होते. अनेकांनी तेव्हा घाईने घरे घेतली, तशी यांनीही. करारनामा ६८ लाखांचा. शुल्क, नोंदणी, स्वयंपाकघर, कपाटे धरून खर्च ७५ लाखांच्या पुढे गेला. कर्ज ५४ लाख, दर ६.९ टक्के, मुदत वीस वर्षे, हप्ता साडेएक्केचाळीस हजार. उरलेल्या रकमेत आठ लाख वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे होते. हे आठ लाख पुढे सगळ्या हिशेबांना आडवे आले.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. यांचे कर्ज बदलत्या दराचे, ते ९.४ टक्क्यांवर गेले. जुन्या हप्त्यातून जेमतेम व्याज फिटू लागले, म्हणून बँकेने हप्ता ४७ हजार केला आणि मुदतही लांबवली. तीन वर्षांत यांनी साधारण साडेपंधरा लाखांचे हप्ते भरले, मुद्दल उतरले तीन लाखांनी. नोकरी गेली तेव्हा ५१ लाख देणे बाकी होते. हप्ता ४७ हजार आहे हे दोघांना पाठ होते. त्यातले ४० हजार निव्वळ व्याजाचे आहेत, हे त्यांनी माझ्यासमोर कर्जखात्याचा उतारा उघडेपर्यंत पाहिलेलेच नव्हते. हा दोष मी त्यांना देत नाही. बँकेचे पत्र दर किती झाला ते सांगते, घरातल्या पैशाचे काय होते आहे ते सांगत नाही.

ऑगस्टमधली स्थिती

घरखर्च, शाळा आणि औषधे मिळून ४५ हजार. वर हप्ता ४७ हजार. बायकोचा पगार वजा केला की दरमहा ६४ हजारांची तूट. दोन महिन्यांचा पगार आणि दीड लाखाची मुदत ठेव यांवर जूनपर्यंत हप्ते गेले. जूनमध्येच मुलीची वर्षाची फी भरावी लागली. जुलैचा हप्ता परत गेला, ऑगस्टचाही. दोन क्रेडिट कार्डांवर नव्वद हजार चढले होते. ते माझ्याकडे आले तेव्हा जुलैचा हप्ता थकून दीड महिना होत आला होता.

बँकेच्या भाषेत हे खाते ‘एसएमए-१’मध्ये होते, म्हणजे थकबाकी ३१ ते ६० दिवसांची. ६१व्या दिवशी एसएमए-२. नव्वद दिवस उलटले की खाते अनुत्पादक, ज्याला सगळे एनपीए म्हणतात. त्यांचा तो दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणार होता. मी त्यांना सगळ्यात आधी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सांगितली. कर्जदाराच्या हातात काय काय उरते हे या तारखेनंतर झपाट्याने बदलते.

एकदा एनपीए झाले की बँक सरफेसी कायदा, २००२ वापरू शकते, म्हणजे न्यायालयात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकू शकते. कलम १३(२)खाली साठ दिवसांची मागणी नोटीस येते. त्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. नोटीस मिळाली की बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. ही अट अनेकांना गिऱ्हाईक आणल्यावरच कळते. साठ दिवस उलटले की कागदोपत्री ताबा, ती ताबा नोटीस दोन वर्तमानपत्रांत, त्यातले एक स्थानिक भाषेतले. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा आणि लिलाव. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. सगळी थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क मात्र लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच. २०१६च्या दुरुस्तीनंतर कायद्यात तसे आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले.

हे सगळे ऐकून नवऱ्याने विचारलेला प्रश्न मला अपेक्षित होता. ‘काका, म्हणजे बँकेला वर्ष दीड वर्ष सहज लागेल ना?’ लागेल. ओळखीच्या एका एजंटाने त्याला हेच सांगितले होते: हप्ता बंद कर, न्यायाधिकरणात अर्ज टाक, दोन वर्षे फुकट राहा. फुकट हा शब्द इथे खोटा आहे. त्या काळात दरमहा ४० हजार व्याज त्यांच्याच घराच्या किमतीतून वजा होत राहते.

चार वाटा

पहिली वाट त्याच्या डोक्यात पक्की होती: भविष्यनिर्वाह निधी काढायचा. नऊ लाख होते. ६४ हजारांच्या तुटीत ते चौदा महिने पुरले असते. मी याला जोरात विरोध केला आणि आजही करीन. कायद्याने पीएफच्या पैशांवर जप्ती येत नाही. कितीही कर्ज असो, सावकार त्याला हात लावू शकत नाही. असा सुरक्षित पैसा काढून हप्त्यात घालायचा आणि त्यातले ४७पैकी ४० हजार व्याजात जाऊ द्यायचे, म्हणजे शेवटची भिंत पाडून त्या विटांनी गळके छप्पर दुरुस्त करण्यासारखे. नोकरीचे नेमणूकपत्र हातात असते आणि दोन महिन्यांची खिंड लढवायची असती, तर मी वेगळे म्हणालो असतो.

दुसरी, कर्जाची पुनर्रचना. बँकेत अर्ज केला. अधिकारी नीट बोलले, पण पुढचा हप्ता कुठून येणार याचा पुरावा मागितला. तो नव्हता. हा नकार मला अन्यायाचा वाटला नाही. मुदत आधीच एकवीस वर्षे उरलेली. सहा महिने हप्ता थांबवला तरी व्याज मुद्दलात चढले असते.

तिसरी, फ्लॅट भाड्याने देऊन आपण लहान घरात जाणे. त्या सोसायटीत भाडे २३ हजार मिळत होते. व्याजाला १७ हजार कमी, शिवाय स्वतःचे भाडे वर. या आकड्यापाशी बायको थांबली. तिने वहीत दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या: या घरात भाड्याने राहायचे तर २३, मालक म्हणून राहायचे तर ४० अधिक देखभाल चार. मग नवऱ्याला म्हणाली, ‘आपण हे घर विकत घेतलंय असं आपल्याला वाटतंय. पगार नसताना आपण ते बँकेकडून दुप्पट भाड्यानं घेतलंय.’ माझ्या सगळ्या कलमांपेक्षा या वाक्याने जास्त काम केले.

चौथी, चावी बँकेला देऊन टाकणे. परदेशातल्या गोष्टी ऐकून अनेकांचा समज असतो की घर दिले की कर्ज मिटले. अमेरिकेतल्या काही राज्यांत काही गृहकर्जांना तशी मुभा आहे. आपल्याकडे नाही. लिलावात कमी पैसे आले तर उरलेले देणे कर्जदाराच्या अंगावर राहते आणि बँक ते न्यायाधिकरणातून किंवा दिवाणी न्यायालयातून वसूल करू शकते. बायको सहकर्जदार होती. म्हणजे घरात जो एक पगार नियमित येत होता, त्यामागेही हे देणे लागले असते.

पाचवी म्हणावी अशीही एक वाट त्यांच्या दाराशी आली. एक जण म्हणाला, तुमचे हप्ते मी भरतो, मला कुलमुखत्यारपत्र आणि ताबा द्या, वर दोन लाख रोख. ते त्या आठवड्यात इतके थकले होते की त्यांना हा देवमाणूस वाटला. कर्ज यांच्या नावावर, घर त्याच्या ताब्यात, आणि त्याने दोन हप्त्यांनंतर हात वर केले तर नोटीस यांनाच. त्याला मी त्यांच्यासमोरच फोन करून नकार कळवला.

लिलावाचा हिशेब

मग आम्ही दोन रकाने आखले. एकात आता विकले तर, दुसऱ्यात बँकेने विकले तर.

आत्ताची बाजारातली किंमत ७२ ते ७५ लाख. देणे सुमारे साडेएक्कावन्न. दलाली वगैरे जाऊन वीसच्या आसपास हातात.

दुसऱ्या रकान्यात मी माझ्या अनुभवाचा अंदाज धरला. दीड वर्ष लागले तर व्याज सात लाखांच्या पुढे, दंड, वकील आणि ताब्याचा खर्च वेगळा. देणे साठच्या घरात. लिलावात फ्लॅट बाजारभावाला क्वचितच जातो आणि त्याला कारणे आहेत. बोली जिंकणाऱ्याला २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावे लागतात, उरलेले साधारण पंधरा दिवसांत. इतक्या घाईत गृहकर्ज मिळवणे अवघड, त्यामुळे सामान्य कुटुंबे बोलीला येत नाहीत, गुंतवणूकदार येतात. ‘आहे तसे, आहे तेथे’ ही अट, सोसायटीची थकबाकी, आतल्या माणसाने ताबा दिला नाही तर काय, या सगळ्या धास्तीची वजावट ते बोलीतच करतात. पहिल्या वेळी कोणी आले नाही तर राखीव किंमत उतरते. मी ६० ते ६२ लाख लिहिले. म्हणजे हातात शून्य किंवा त्याच्या आसपास. देणे फिटून पैसे उरलेच तर ते कर्जदाराचे, कायदा तसे म्हणतो. इथे उरण्यासारखे काही दिसत नव्हते.

वीस लाख विरुद्ध शून्य. घर दोन्ही रकान्यांत गेलेले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नवरा म्हणाला, ‘पण बाबांचे आठ लाख?’

तेव्हा कळले की वडिलांना नोकरी गेल्याचेच माहीत नव्हते. सात महिने तो सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होता. मी म्हटले, हा निर्णय त्यांना वगळून घेता येणार नाही, त्यांचाही पैसा त्यात आहे. बायकोने तेच आधी दहादा सांगितले होते. त्या रात्री त्याने सांगितले. वडील रागावले ते नोकरीवरून नव्हे, लपवल्यावरून. दोन दिवस बोलले नाहीत. मग माझ्याकडे स्वतः आले, दोन रकाने पाहिले आणि विचारले, ‘माझे आठ लाख कोणत्या बाजूला वाचतात?’ मी डावीकडे बोट ठेवले. ‘मग विका,’ म्हणाले. पैसा वडिलांचा म्हणून घर सोडता येत नाही, असे नवरा मनात धरून बसला होता. वडिलांच्या दृष्टीने पैसा त्यांचा म्हणूनच घर वेळेत सोडायला हवे होते.

तारीख ठरवली

तरी ‘लगेच विका’ असे मी म्हटले नाही. त्याच्या दोन मुलाखती शेवटच्या टप्प्यात होत्या. दोघांनी मिळून कागदावर लिहिले: १५ सप्टेंबरपर्यंत नेमणूकपत्र हातात आले नाही तर घर विक्रीला काढायचे, आणि त्या दिवशी पुन्हा चर्चा करायची नाही. शेवटचे कलम बायकोचे. मला ते सगळ्यात मोलाचे वाटले. आशा दर आठवड्याला नवी मुदत मागते, आणि प्रत्येक मुदतीचे दहा हजार व्याज होते. एका ठिकाणाहून नकार आला, दुसरीकडून उत्तरच आले नाही. पंधरा तारखेला त्यांनी दोन दलालांना बोलावले.

त्याच आठवड्यात गाडी विकली, तीन लाख आले. त्यातून सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला एकेक हप्ता भरला. घर वाचवायला नव्हे, घर नीट विकता यावे म्हणून. दर महिन्याला सगळ्यात जुना हप्ता फिटत गेला, त्यामुळे थकबाकी दोन हप्त्यांवर राहिली आणि नव्वद दिवसांची रेघ ओलांडली गेली नाही. खाते एनपीए झाले असते तर एकदोन हप्ते भरून ते पूर्ववत झाले नसते, नियमाप्रमाणे सगळी थकबाकी भरावी लागते. शिवाय मागणी नोटीस निघाली असती, विक्रीला संमती मागावी लागली असती, आणि ‘बँकेचं प्रकरण आहे’ हे कळताच गिऱ्हाइकाने भाव पाडला असता. तीन हप्त्यांचे एक लाख एक्केचाळीस हजार हा या संपूर्ण प्रकरणातला सर्वात शहाणपणाचा खर्च.

किमतीवर नवरा अडला. शेजारचा फ्लॅट ७८ला गेला होता, आणि स्वतःचा खर्च ७५. त्याखाली विकणे म्हणजे हार, असे त्याला वाटत होते. ऑक्टोबरच्या मध्यावर ७२.५ लाखांचे गिऱ्हाईक आले, कर्ज मंजूर असलेले. दलाल म्हणाला, सहा महिने थांबा, ७५ देतो. सहा महिन्यांचे व्याज आणि देखभाल मिळून दोन लाख चौसष्ट हजार. म्हणजे तेव्हाचे ७५ आजच्या ७२ लाख ३६ हजारांएवढे, तेही गिऱ्हाईक आलेच तर. हा गुणाकार त्याने स्वतः केला आणि इसार घेतला.

पुढची प्रक्रिया सोपी. बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारे पत्र, आणि तिच्याकडच्या कागदपत्रांची यादी घेतली, ती खरेदीदाराच्या बँकेला दिली. त्या बँकेने कर्जाची रक्कम थेट यांच्या कर्जखात्यात भरली आणि मूळ कागद परस्पर घेतले. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, तो लागलाही नाही. सोसायटीचा ना हरकत दाखला मिळायला मात्र बँकेपेक्षा जास्त दिवस लागले.

शेवटचा आकडा: विक्री ७२.५ लाख. कर्जाला ५१ लाख ६० हजार. दलाली साडेबहात्तर हजार. किंमत पन्नास लाखांच्या वर असल्याने खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापला, तो विवरणपत्रात परत मिळण्यासारखा. हातात एकोणीस लाख पंचेचाळीस हजार. त्यातून कार्डांचे नव्वद हजार पहिल्या दिवशी फेडले आणि वडिलांच्या नावावर आठ लाखांची ठेव केली. भांडवली नफा जवळजवळ नव्हता. मात्र सनदी लेखापालाने एक गोष्ट वेळेत दाखवली. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांच्या आत घर विकले, तर मुद्दल परतफेडीवर तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या ८०सीखाली घेतलेली सूट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात धरली जाते. त्या वर्षी उत्पन्नच कमी असल्याने फटका लहान बसला. पगार चालू असता तर तो जाणवला असता.

ते शाळेजवळच्या लहान घरात गेले, भाडे १७ हजार.

फेब्रुवारी २०२५मध्ये त्याला नोकरी लागली. पगार ७२ हजार. आता नातेवाईक म्हणतात, तीन महिने थांबला असता तर घर राहिले असते. हे म्हणणे मला झटकून टाकायचे नाही. हप्ते जुलैपासून थांबवले असते तर तोवर आठ हप्त्यांचे पावणेचार लाख थकले असते, खाते एनपीए, नोटीस हातात. पीएफ काढून ते भरता आले असते. त्यानंतर दोघांचे मिळून एक लाख, त्यातले ९२ हजार खर्च आणि हप्ता. घर राहिले असते, शिल्लक आठ हजार, आणि पुढची एकवीस वर्षे कोणाचा पगार चुकायला नको. आणि नोकरी फेब्रुवारीतच लागेल हे सप्टेंबरमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या मते निर्णय बरोबर होता. बायकोचेही तेच मत आहे. नवऱ्याचे अजून तसे नाही, आणि त्याने ते तसे मानावे म्हणून मी आग्रह धरत नाही. त्या घरात त्याने स्वतः लावलेली कपाटे होती.

सिबिलच्या अहवालात दोघांचे कर्जखाते ‘बंद’ दिसते. तडजोड करून कमी रक्कम भरली असती तर तिथे ‘सेटल्ड’ असा शेरा आला असता, आणि तो नवे कर्ज देणाऱ्याला फार खुपतो. उशिराचे महिने मात्र दिसतात, कारण त्यात छत्तीस महिन्यांचा इतिहास असतो. मुलगी दहावीत गेली आहे. नवे घर घ्यायचे का, यावर तिच्या परीक्षेपर्यंत बोलायचे नाही, असे चौघांनी ठरवले आहे.